बारशाची रजा

जुन्या सैनिकांच्या संकेतस्थळावर पूर्वजाची लष्करी नोंद सापडली, की तो पूर्वज दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने सुट्टीवर घरी येतो. त्यामुळे आमच्या गावात आधी अंथरुणं बघतात, मगच शोध घेतात. शेजारच्या घोरपड्यांनी घाईत ‘मिळतीजुळती नावेही दाखवा’ यावर टिचकी मारली आणि अकरा शिपाई उतरले. बरेचसे दुसऱ्याच जिल्ह्याचे निघाले, पण जेवून गेले.

मी शोध घेतला तो आजीसाठी. तिचे वडील तिच्या जन्माआधीच लढाईवर गेले. ‘बारसं मी आल्यावर करा’ म्हणाले आणि परतलेच नाहीत. म्हणून तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं. रेशनकार्डावरही नुसतं ‘बाई’ आहे. आत्या म्हणून तिनं निम्म्या गावाच्या कानात नावं सांगितली. तिचं विचारलं, की म्हणायची, “आबांनी ठरवलंय. आल्यावर कळंल.”

पणजोबा ट्रंक घेऊन उतरले. वयानं माझ्याहून लहान. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यांनी रजेचा कागद पुढे केला. कारण: मुलीचे बारसे.

“बारसं उरकलं न्हाई न्हवं?”

“नाही,” मी म्हणालो.

“ब्येस. उरकलं असतं तर आल्या पावली माघारी जावं लागलं असतं.”

मग त्यांनी आजीकडे बघितलं. “लेक माझ्या आईवर गेलीया,” ते म्हणाले आणि हसत सुटले. आजीही हसली. मला मात्र रडू आलं.

संध्याकाळी घुगऱ्या शिजवल्या. आजी पाळण्यात मावेना, म्हणून झोपाळ्याला फुलं बांधली. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत खालून-वरून देण्याची रीत तिच्या गुडघ्यांमुळे माफ केली. अडचण आत्याची होती. तिची आत्या लष्करात नव्हती, त्यामुळे येऊ शकत नव्हती. शेवटी पणजोबाच तिच्या कानाशी वाकले. आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे आम्ही त्यांच्याच पाठीत घातले.

“फुलवंता,” आजीनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी रजा संपली. एसटी हलली तरी आजी फाट्यावर उन्हात उभीच. आम्ही हाका मारल्या, छत्री धरली, ती हलेना. तेवढ्यात पणजोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“फुलवंता! घरात जा, ऊन लागंल.”

“जाते, आबा,” म्हणाली, आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली आजी मुकाट्यानं घराकडे वळली.