मॅनेजरसाहेबांचा घसा

काम करणाऱ्यापेक्षा ‘काम कुठवर आलं?’ असं विचारणारा माणूस संस्थेला अधिक आवश्यक असतो, हे आता सर्वमान्य आहे. काम करणारा आजारी पडला तर काम थांबतं. विचारणारा आजारी पडला तर काय होईल, याची कल्पनाही कोणी (जाहीरपणे) करत नाही.

आमचे मॅनेजर आजारी पडले.

ते कोणी ऐरेगैरे मॅनेजर नव्हते. त्यांची टीम अजाइल पद्धतीने सॉफ्टवेअर बनवी. म्हणजे मोठं काम छोट्या तुकड्यांत मोडायचं आणि प्रत्येक तुकड्यावर मोठी चर्चा करायची. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, एवढंच सांगायचं. उभं राहिलं की माणूस आटोपतं घेतो, असं शास्त्र आहे. मॅनेजरांचे पाय मात्र शास्त्राला पुरून उरले. सभा जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाले. (पाठदुखीच्या रजा वाढल्या, पण त्या दुसऱ्या खात्याच्या आकडेवारीत जात असल्याने टीमची प्रगती अबाधित राहिली.)

टीम दवाखान्यात नंबर लावण्याचं ॲप बनवत होती. पेशंटने ‘नंबर रद्द करा’ दाबलं की त्याला आणखी एक नंबर मिळे. या बटणावर इतक्या मीटिंगा झाल्या, की ते दुरुस्त करायला कोणाला वेळच उरला नाही.

अशात मॅनेजरांचा आवाज बसला. डॉक्टरीणबाईंनी घशात बॅटरी मारली आणि दचकून विचारलं, “तुम्ही लिलाव पुकारता का?”

“मीटिंगा घेतात,” बायकोने सांगितलं.

“महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही.”

“तसं लिहून देता का?” बायको म्हणाली. तिने हे फारच पटकन विचारलं, असं मॅनेजरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते गळ्याला मफलर गुंडाळून फळ्यासमोर उभे राहिले. प्रत्येकाने आपलं सांगितलं आणि आता साहेब बोलतील म्हणून वाट पाहिली. साहेब बोलले नाहीत. हातातला चहा निवायच्या आत सभा संपली. मंडळी आपापल्या जागी परतली. तिथे काय करायचं हे आधी कोणाला आठवेना; मग नाइलाजाने त्यांनी काम सुरू केलं.

आठवड्याभरात बटण दुरुस्त झालं. टेस्टिंगवाली धावत आली. “सर, झालं! नंबर खरंच रद्द होतोय!”

मॅनेजरांना आनंद झाला आणि पाठोपाठ एक शंका आली. मग मी नक्की काय करतो, असं त्यांनी त्या दिवशी प्रथमच स्वतःला विचारलं. (घसा बसलेला असल्याने उत्तर मिळालं नाही.)

महिनाअखेरीस मोठे साहेब आले. “अहो, हे जमवलंत कसं?”

मॅनेजरांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

“बोलणंच बंद? वा! काय पद्धत काढलीत!” साहेबांना गहिवरून आलं. “ही सगळ्यांना शिकवायलाच हवी.”

आवाज परत येताच मॅनेजरांची बढती झाली. आता ते ‘मौन विभागप्रमुख’ आहेत. मौनाचे फायदे या विषयावर ते रोज सगळ्या टीमना एकत्र उभं करून मार्गदर्शन करतात. प्रश्नोत्तरांसाठी दुपार राखीव असते.

आपण हे वाचून हसलात, आभारी आहे. पण आता जरा मान वर करा. ज्या मीटिंगमध्ये बसून हे वाचत होतात, तिथे आपलं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलंय आणि सगळे आपल्याकडे बघतायत. “हो, चालेल,” म्हणून टाका. काय चालेल, ते यथावकाश कळवण्यात येईल.