आठव्या डिस्कचे उत्तर

वाट पाहणे हा कोणत्याही सुव्यवस्थित कार्यालयाचा पाया आहे. काम काय, कोणीही करतो. (आमच्याकडे कोणी करत नाही, पण तो वेगळा विषय.)

आमच्या कचेरीत संगणक सांभाळणाऱ्याला रजा हवी असेल, तर आठही डिस्कवर किती जागा शिल्लक आहे याचा तक्ता अर्जाला जोडावा लागतो. काम अर्ध्या ओळीचे. आज्ञा टाइप केली की ती एकेका डिस्कला विचारते आणि उत्तरे मांडते. सात डिस्क याच इमारतीत आहेत. आठवी जुन्या शाखेत, तारेने जोडलेली. त्या शाखेला सहा महिन्यांपूर्वी कुलूप लागले. आतला संगणक मात्र इमानेइतबारे चालू होता, तो गेल्या सोमवारी वीज तोडेपर्यंत. जोडणी काढून टाकायची, तर त्या शाखेचेच ना-हरकत पत्र लागते. ते मागवले आहे. (तीन स्मरणपत्रेही गेली. भाषा उत्तरोत्तर कडक होत गेली आहे.)

संगणकवाल्याला चार दिवस रजा हवी होती. बस सव्वाचारची. बायको आणि दोन पोरे सामानासह स्टँडवर.

तीन वाजता त्याने आज्ञा दिली. ती आठव्या डिस्कच्या दारात जाऊन बसली. हिला काय झाले हे पाहायला त्याने पडद्यावर दुसरी खिडकी उघडून विचारले, तर तीही पहिलीशेजारी जाऊन बसली. तिसरीतून त्याने दोघींना रद्द करायचा हुकूम सोडला. हुकूम पोचला, पण उत्तर आल्याखेरीज त्या तो वाचणार नव्हत्या. साडेतीनला अकरा खिडक्या शिस्तीत वाट पाहत होत्या. साहेब डोकावले, समाधान पावले आणि काम प्रगतिपथावर असल्याचा शेरा देऊन गेले.

पावणेचारला बायकोचा फोन आला. त्याने सगळी हकिकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली. (स्टँडवर दुसरे करण्यासारखे काही नव्हते.)

"अहो, ताटं मांडताना मी घरातली डोकी मोजते. परदेशातल्या भाऊजींना फोन लावून 'जेवणार का' विचारत बसले, तर तुम्ही सगळे उपाशी राहाल."

तेव्हा त्याला आठवले की आज्ञेपुढे एक अक्षर जोडले, तर ती फक्त घरातल्यांनाच विचारते. बाराव्या खिडकीत त्याने ते जोडले. पापणी लवायच्या आत सात उत्तरे हजर.

साहेबांनी तक्ता निरखला. "आठवा रकाना रिकामा कसा चालेल?"

त्याने तिथे लिहिले: 'उत्तर अपेक्षित'. ओळखीचे शब्द दिसताच साहेबांनी सही केली. बस चार-सतराला सुटली. वरची दोन मिनिटे पोरांनी ड्रायव्हरशी हुज्जत घालून मिळवली होती. अकरा खिडक्या अजून बसून आहेत.

तुम्ही हसलात, बरे वाटले. आता जरा फोन काढा. त्यात कोणाला तरी तुम्ही 'बघून सांगतो' म्हणून कळवले आहे. कधी, ते तुम्हाला आठवत नसेल, त्याला आठवते. त्याच्याकडे सात ताटे मांडून झाली आहेत, आठवे तुमच्या उत्तरासाठी अडले आहे.