दिगांबरभाऊ विचारत नाहीत

आमच्या सिंदी रेल्वे गावात रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला आणि त्याला "कुठी चालले?" असं विचारलं नाही, तर तो घरी जाऊन विचार करत बसतो, आपलं काय चुकलं. शेजारचे दिगांबरभाऊ कोणालाच विचारत नाहीत. सख्खा साडू बॅग घेऊन दारावरून गेला तरी भाऊ नुसती मान हलवतात. भाऊ गर्विष्ठ आहेत, यावर आमच्या गल्लीचं एकमत आहे.

बायको गेली, कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपली, तेव्हा भाऊंनी घरात एक कॉम्प्युटर बसवला. जगात कोणाला आपलं नाव-गाव लपवून इंटरनेटवर काही पाहायचं-पाठवायचं असलं, की ते अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरांमधून हातोहात पुढं जातं. त्यातला एक हात म्हणजे भाऊंच्या देवघराशेजारचा हा कॉम्प्युटर. पैसा एक मिळत नाही. उन्हाळ्यात कूलरचं तोंड मात्र कॉम्प्युटरकडे, आणि भाऊ ओसरीत बनियनवर, पुठ्ठ्यानं वारा घेत.

सट्टा चालतो असं कोणीतरी कळवलं म्हणून एकदा पोलीस शिपाई आला.

"याच्यातून कोन काय पाठवून राह्यलं?"

"मले दिसत नाई, साहेब. आलं का पुढं देतो."

"मंग तुमाले काय फायदा?"

"मले काई नाई. फायदा त्याईले."

शिपाई चहा पिऊन, कूलरपुढं जरा बसून गेला.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या माधुरीचं लग्न ठरवलं. तिला ते नको होतं. एका सकाळी पाहतो तर पोरगी घरात नाही. दुपारी भाजीवाल्यानं सांगितलं, ती भाऊंच्या घरून स्टेशनकडे गेली. मी तडक भाऊंकडे.

"कुठी गेली?"

"मले माहीत नाई. मी इचारलं नाई."

"काऊन नाई इचारलं? तुमची पोरगी असती तं?"

भाऊंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

माधुरी नागपूरला मैत्रिणीकडे होती, आठवड्यानं तिनं स्वतःच फोन केला, लग्न मोडलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी फाटक आपटून निघालो, तर तापल्या रस्त्यावर भाऊ अनवाणी मागं आले.

"जेवून गेली पोरगी," ते म्हणाले. "भाकर मीच टाकली. बेसन होतं. दोनदा मागून घेतलं तिनं."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. सकाळपासून ती एकाच जागी बसून होती. ती उठली आणि तिनं दोघांची ताटं वाढली.