तापमान वाढले आहे, ताबडतोब या

फुलवाल्याच्या शीतखोलीतलं तापमान मोजणारं यंत्र जुन्या वळणाचं, तर मोडेम अगदी नव्या चालीचा. दोघांचं जुळवायला मध्ये एक कन्व्हर्टर लागणार होता. खोली तापली की मोडेमने फोनवर निरोप धाडायचा, एवढंच काम. आत उद्याच्या लग्नाचे गुलाब भरले होते.

"कुणा जाणकाराला बोलवा," बायको म्हणाली.

"दोन डब्यांना एक वायर जोडायला जाणकार?"

वायर जोडली, दिवे लागले, पण मोडेम ढिम्म. शेवटी बायकोने माहितीपत्रक उघडलं.

"अहो, बोलायची तार बोलायच्या तारेला जोडलीत. दोघंही बोलतायत, ऐकत कुणीच नाही."

"मग?"

"एकाने ऐकायचं. घरातही तेच करायचं असतं."

तारांची अदलाबदल झाली आणि हिरवा दिवा लुकलुकला. फुलवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. "निरोप हमखास बघितला जाईल असा कुणाचा तरी नंबर सांग!"

हार गुंफता गुंफता बायकोने आपल्या आईचा नंबर सांगितला. लगेच दुकानाच्या नावाने निरोप सुटला: 'तापमान वाढले आहे. ताबडतोब या.'

"चाचणी पास!" तो ओरडला. पण पाठोपाठ दुसरा निरोप गेला, मग तिसरा. त्याने दिसेल ते बटण दाबलं. मोडेम काही थांबेना. त्याने सासूबाईंना फोन लावला, तर तो सारखा व्यस्त. त्या नातेवाइकांना कळवत होत्या.

थोड्याच वेळात दाराशी गाडी थांबली. सासूबाई उतरल्या. एका हातात थंड पाण्याच्या पट्ट्या, दुसऱ्या हातात शेजारच्या डॉक्टरांचं मनगट.

"जावईबापू, आडवे व्हा!"

"आई, मला ताप नाही!"

"मग इतके निरोप काय हौसेने धाडलेत?"

"मी नाही, खोलीने धाडले!"

"डॉक्टर, हे बरळायला लागले," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार. मग त्यांनी शीतखोलीचं दार उघडून आत हात घातला. "ताप हिला आहे!"

फुलवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. कन्व्हर्टरला जागा करताना त्यानेच थंड हवेच्या यंत्राचा प्लग उपटला होता. प्लग परत लागला, बादल्यांत बर्फ पडला, आणि डॉक्टरांनी बाह्या सरसावून गुलाबांवर पाणी शिंपडलं. एकही पाकळी कोमेजली नाही. सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी खोली थंडगार होती. मोडेम गप्प होता. तरी सासूबाई धापा टाकत हजर!

"आई, आज तर निरोप गेला नाही."

"म्हणूनच आले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून एकही निरोप नाही, म्हटलं पुन्हा काही जोडलंत की काय!"