नरसय्यामामांची शटल

कन्ना चौकात पेरू विकणाऱ्या मावशींसमोर नरसय्यामामांनी डावा पाय तीनदा आपटला आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, जरा सरकून बसा की. तुमी जिन्यात बसलाय."

मावशींनी मागं पाहिलं, खाली पाहिलं. जिना कुठंच नव्हता.

"कसला जिना वो?"

"स्टेशनचा. खाली उतरायचा. आता न्हाय, पण होणार हाय. मग उठवताना भांडण नको."

मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर थोडी काळजीही वाटली, कारण मावशी खरोखरच दोन हात सरकल्या.

मी वळसंग गावचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला पहिलाच. कॉलेजसाठी सोलापुरात आलो तेव्हा साखर पेठेत नरसय्यामामांच्या माडीवर खोली मिळाली. मामा चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे. घरात ते आणि त्यांची बायको लक्ष्मव्वा, दोघंच. आपसात तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठी, आणि मामा चिडले की दोन्ही. एकुलती एक मुलगी, पद्मा, गावाच्या दुसऱ्या टोकाला मुरारजी पेठेत राहायची. तिनं आपल्या मनानं एका कंपाउंडरशी लग्न केलं होतं. त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून मामांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. हे लक्ष्मव्वांनी मला पहिल्याच आठवड्यात सुताच्या कांड्या भरता भरता सांगितलं आणि डोळे पुसून म्हणाल्या, "त्यांच्याम्होरं काढू नको हं."

मामांसमोर विषय एकच निघायचा: सोलापूरची भुयारी रेल्वे.

कलकत्त्याला जमिनीखालून रेल्वे खणताहेत हे त्यांनी कारखान्यात कुणाकडून तरी ऐकलं होतं. पण खरी ठिणगी स्टेशनवर पडली. तिथल्या फळ्यावर एका गाडीपुढं खडूनं 'शटल' असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि तिथंच बसकण मारली. मागावरच्या धोट्याला कारखान्यात सगळे शटलच म्हणतात. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून तो या टोकाहून त्या टोकाला जातो आणि परत येतो, दिवसभर. रेल्वेची सगळी विद्या मागावरून उचललेली आहे, अशी मामांची खात्री झाली. "त्यांनी आमचं घेतलं, मग आमी त्यांचं घेतलं तर काय बिघडलं?"

चादरीची नक्षी ज्या चौकटीच्या कागदावर काढतात, त्यावर त्यांनी नकाशा काढला. उभ्या मार्गाचं नाव ताणा लाइन, आडव्याचं, आडव्या धाग्यावरून, बाणा लाइन. कोपऱ्यात एक हिरवा मोर होता.

"मोराकडं बघू नको," मामा म्हणाले. "कागद जुना हाय."

मी कॉलेजात शिकतो म्हणून त्यांनी मला चीफ इंजिनिअर नेमलं. मी आर्ट्सला आहे, हे मी तीनदा सांगितलं.

"मग तर लई चांगलं. दिल्लीला अर्ज विंग्रजीत लिही."

मी नकाशा मनापासून वाचला आणि एक शंका काढली. "मामा, बाणा लाइन सिद्धेश्वर तळ्याखालून जाते. पाणी गळेल."

"तळ्यात पाणी कुटं हाय यंदा?"

"पुढच्या वर्षी येईल की."

"मग लोकांची आंघोळ गाडीतच हुईल. नळाला तरी कुटं येतंय?"

माडीच्या जिन्यावर आमच्या तालमी चालायच्या. मी वर निघालो आणि लक्ष्मव्वा वाळवणाचं सूप घेऊन खाली येत असल्या की मामा ओट्यावरून ओरडायचे, "उतरणाऱ्याला आधी उतरू द्या!"

अर्जासोबत जोडायला नकाशाची प्रत काढताना मला एक चूक दिसली. बाणा लाइन सगळीकडं पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. मुरारजी पेठेत मात्र ती एकदम वाकडी होऊन एका बोळात शिरत होती. त्या बोळात तीन घरं आणि एक पिठाची गिरणी. तिथं स्टेशन! दिल्लीवाले हसतील, असं मला वाटलं. मी रबरानं बोळ खोडला आणि लाइन सरळ केली.

मामांनी प्रत पाहिली आणि दोन्ही भाषा सुरू झाल्या. माझं पद गेलं. "धागा तोडलास! सगळी चादर वाया!" असं म्हणून ते ओट्यावर पाठ फिरवून बसले.

मी लाइन पुन्हा वाकडी केली आणि कागद त्यांच्याजवळ ठेवला.

"सगळ्या पेठेसमोर पद्माला बोललो मी," मामा हळूच म्हणाले. "तुझ्या रस्त्याला माझा पाय लागणार न्हाय, असं. टांग्यानं गेलं तरी उतरायचं रस्त्यावरच. पण रस्त्याच्या खालनं गेलं, आन जिना सरळ तिच्या उंबऱ्यात निघाला, तर शब्द मोडतो का? तू शिकलेला हायस. सांग."

मी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही मोडत."

"कदी हुईल रेल्वे?"

"मामा, कलकत्त्याचीच अजून झाली नाही."

"पद्माची पोरगी तीन वर्षाची झाली म्हनं."

मी चाचरतच म्हणालो, "मामा, खालून नाही तर... वरून? माझी सायकल आहे. थेट उंबऱ्याला लावू."

रविवारी सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून कॅरिअरवर बसले. दोन्ही पाय दोन बाजूंना ताठ. प्रत्येक चौकाला स्टेशनचं नाव पुकारत होते. कन्ना चौकात पेरूवाल्या मावशी ओरडल्या, "काय वो, झाला का जिना?"

"काम चालू हाय!"

मुरारजी पेठ लागली तसे त्यांनी पाय इतके वर घेतले की सायकल डुलायला लागली. बोळात शिरलो तरी त्यांनी पाय खाली घेतले नाहीत.

पद्माच्या दारापुढं उघडं गटार होतं. नकाशात ते नव्हतं. सायकल उंबऱ्यापासून दीड हातावर थांबली. मी हँडल घट्ट धरून उभा. मामांचे पाय हवेत.

पद्मा बाहेर आली. हात पिठाचे, मागं पदराला धरून पोरगी. बाप-लेक एकमेकांकडं बघत राहिले.

"टेकवायचा न्हाय," ते माझ्या पाठीशी पुटपुटले.

पद्मानं ऐकलं. काही न विचारता ती आत गेली, पाट घेऊन आली आणि गटारावर आडवा ठेवला.

मामांनी पाटाकडं पाहिलं. घसा खाकरला. "फलाट जरा खाली झालाय."

"फुडच्या वेळी दोन ठेवते, नायना," ती म्हणाली. नायना म्हणजे वडील.

मामा उतरले. एक पाय पाटावर, दुसरा उंबऱ्याच्या आत.

मी बाहेर सायकल धरून थांबलो. पोरगी पाटावर येऊन उभी राहिली आणि चाकाला हात लावत म्हणाली, "ही गाडी कुठं जाती?"

"साखर पेठेला."

"मग?"

"मग परत इथं," मी म्हणालो. "शटल आहे ही."