डाव्या अंगाची खिडकी

“सुनबाईले खिडकीपाशी बसवून काय करता? ती त घरात बी भिंतीकडं पाहून बसते,” गोदावरीबाई माजघरात नवऱ्याला सांगत होत्या.

हे वच्छलेच्या कानांसाठी नव्हतं. पण नवी सून पडवीत तांदूळ निवडत होती, आणि सासूबाईंचा आवाज अडवेल अशी भिंत सानगडीत अजून कुणी बांधली नव्हती.

झालं होतं असं, की वच्छलेच्या नवऱ्यानं, केवळरामनं, आपल्या दुकानातून तालुक्यात सगळ्यांत जास्त पंप विकले. कंपनीनं खूश होऊन नागपूर ते मुंबई विमानाची दोन तिकिटं दिली. (परतीला रेल्वे. कंपनी खूश होती, वेडी नव्हती.) गावात विमानात कुणीच बसलेलं नव्हतं, त्यामुळं सल्ला द्यायला सगळेच मोकळे.

“उजवीकडं बसू,” केवळराम म्हणाला. “डावीकडं ऊन लागते म्हणतात.”

“डावीकडंच,” सासरे मारोतराव म्हणाले. “नागपूरच्या यष्टीत आपला तलाव डाव्या हाताले येते का नाही? मंग विमान का तलाव उचलून उजवीकडं ठेवन? आमी तलावाच्या पाळीवर उभे राहून धोतर हलवतो. तुमी खालतं पाहा.”

“कुठं बी बसा,” गोदावरीबाई म्हणाल्या, “पण सुनबाई डाव्या अंगाले पाहिजे. जोड्याचा पयलाच परवास हाय.”

वच्छलेनं सुपात दोन खडे मांडून पाहिले. डावीकडं बसलं, तर नवऱ्याच्या डाव्या हाताला बायको आणि बायकोच्या डाव्या हाताला खिडकी. उजवीकडं बसलं, तर खिडकी नवऱ्याची. भर उन्हात धानाच्या बांधावर पंप बसवणाऱ्या माणसाला उन्हाची एवढी धास्ती कुठून आली, ते आता तिला कळलं.

वच्छला मॅट्रिक होती. मुंबई नागपूरच्या पश्चिमेला आणि सानगडी पूर्वेला, हे तिला पाठ होतं. मुंबईचं विमान सानगडीवरून जाणं म्हणजे भंडाऱ्याहून नागपूरला निघून गोंदियाला चहा घेणं. तिनं एक शब्द काढला असता, तर वादातून तलाव गेला असता, ऊन उरलं असतं आणि खिडकीही गेली असती. ती खाली मान घालून खडे वेचत राहिली.

“पाहा,” गोदावरीबाई शेजारणीला म्हणाल्या, “मोठ्यायच्या बोलण्यात तोंड घालत नाही.”

विमानतळावर केवळरामनं बाबांच्या हुकमाप्रमाणं डावीकडची खिडकी मागून घेतली. विमान उडालं. वच्छलेनं काचेला नाक लावलं. खाली डोंगर, नद्या, गावं काय असतील ती असोत, तिच्या खिडकीत विमानाचा पंख होता. करडा, खिळे ठोकलेला, राइस मिलच्या छपराएवढा.

“काय दिसते?” केवळरामनं मान लांब करून विचारलं.

“लय काही,” ती म्हणाली, आणि खिडकी पाठीनं झाकून बसली.

घरी परतले तेव्हा मारोतरावांच्या नाकाची सालपटं निघत होती. अर्धं गाव घेऊन ते दुपारपर्यंत पाळीवर उभे होते. एक विमान फार उंचावरून गेलं, तेव्हा त्यांनी धोतराबरोबर फेटाही हलवला होता.

“दिसलो का रे?”

“दिसले ना, बाबा. साफ दिसले,” केवळराम म्हणाला. “इचारा हिले. खिडकीत हीच होती.”

सगळे वच्छलेकडं वळले. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा सासऱ्यांच्या नाकाकडं. त्या नाकासमोर खोटं बोलवेना.

“मामाजी, मुंबईचं विमान आपल्या अंगाले येतच नाही. नागपुरावून तिकडच्या तिकडं जाते. मले पयलेपासून ठाऊक होतं.”

मग गोदावरीबाईंनी विचारलं, “तवाच काहून नाही बोलली?”

वच्छलेनं पदर सावरला.

“तवा बोलली असती, त खिडकी ह्यांले भेटली असती, आत्याबाई. मंग मुंबईपर्यंत पंखाचा पत्रा पाहाले मले कुठून भेटला असता?”