रंग टिकलेला शंख

सारजाबाईंच्या कोंबड्या पातळ टरफलाची अंडी घालायला लागल्या होत्या. अंडं उचलायला जावं तर बोट थेट बलकात. असं झालं की नदीवरचे शंख-शिंपले आणायचे, उखळात कुटायचे आणि दाण्यात मिसळून कोंबड्यांना घालायचे, ही त्यांच्या सासूपासून चालत आलेली रीत. पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि नदी लांब पडली. हे गाऱ्हाणं त्यांनी आदल्या दिवशी भाकरी थापता थापता वृषालीला ऐकवलं होतं.

वृषाली म्हणजे निरगुडसरात त्यांच्याकडे उतरलेली पुण्याची मुलगी. दिवसभर घोड नदीच्या दरडीत उकरत बसायची आणि संध्याकाळी मातीनं माखून यायची. काय शोधते ते सारजाबाईंनी कधी विचारलं नाही. माती गोळा करते म्हणजे शेतकी खात्याची असणार, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं होतं. मुलगी मात्र लाख मोलाची. रोज रात्री न सांगता त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. पोटच्या मुलानं कधी चोळलं नव्हतं.

म्हणून सकाळी ओसरीवरच्या सुपात इवले इवले शंख वाळत घातलेले दिसले, तेव्हा सारजाबाईंचा ऊर भरून आला.

"पोरीनं ध्यानात ठेवलं गं बाई!" असं म्हणत त्यांनी सूप उचललं ते थेट उखळापाशी नेलं. शंखही गुणाचे निघाले. मुसळाचा घाव पडायचा अवकाश, पीठच व्हायचं. कोंबड्यांनी ते घमेल्यातून दाण्यांसकट असं साफ केलं, की घमेलं घासायची गरज राहिली नाही.

थोड्या वेळानं ओसरीवरच्या खांबाला टेकून घोरणारे भिमाजी, म्हणजे सारजाबाईंचे यजमान, जागे झाले.

"आगं, सुपातलं शंख कुठं गेलं?"

"कुठं जात्यात? कोंबड्यांनी खाल्लं."

भिमाजींच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली. "आगं येडे, ते हजारो वर्सांपूर्वीचं शंख व्हतं! दरडीतून येकयेक सुईनं टोकरून काढलेलं! त्याच्यावरच तिचं समदं शिक्षान हाय. मला राखायला बसवून गेली व्हती ती."

"मग राखलं का न्हाई?"

हा प्रश्न भिमाजींना आवडला नाही. ते म्हणाले, "दुपारी तिचं मोठं सर येनार हाईत पुण्यावनं. पोरगी दोन हिवाळं हात हलवत परत गेली. आज काय दाखवलं न्हाई तर हितलं काम कायमचं बंद करनार हाईत ते."

सारजाबाईंना वृषालीची तेलाची वाटी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. भिमाजींची नजर कोंबड्यांवरून हळूच कोयत्याकडे वळली.

"त्यो कोयता खाली ठिवा," सारजाबाई कडाडल्या. "पीठ झालंय त्याचं. कोंबडी फाडून का शंख निघनार हाय? शंख शंखासारखाच असतो. चला नदीवर!"

गुडघे दुखतात हे त्या साफ विसरल्या. वृषाली वरच्या अंगाला दरड साफ करत होती, म्हणून दोघं उसाच्या आडोशानं वाकून वाकून खालच्या पाणवठ्यावर गेली. म्हशी डुंबतात त्या चिखलाच्या कडेला शंखांचा सडाच पडला होता. रिकामे, वाळलेले वाटणारे, बेताच्या आकाराचे बघून दोघांनी ओटीत भरले. घरी आणून चुलीतली राख आणि गावठाणाची पांढरी माती चोळून त्यांना शक्य तितकं म्हातारं केलं. सूप पुन्हा जागेवर गेलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. मोठे सर ठरल्या वेळेआधीच उगवले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग आणि कपाळावर आठ्या. वृषालीला बोलवायला भिमाजी निघाले, तर सरांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"येऊ दे तिला सावकाश. तसंही हे काम आता गुंडाळायचं म्हणूनच आलोय मी. काय मिळालंय ते बघू तरी." चष्मा गाडीत राहिला होता आणि गाडी ड्रायव्हरनं सावलीला नेली होती. सरांनी नुसतं भिंग डोळ्याला लावलं आणि सुपातला एक शंख उचलला. बाटलीतलं पाणी टाकून राख धुतली. आठ्या एकदम नाहीशा झाल्या.

"अहो, ही तपकिरी पट्टी बघा! इतक्या जुन्या शंखावर रंग टिकलाय! असा रंग टिकत नाही हो कधी!"

"आमच्याकडं टिकतो," भिमाजी घाईघाईनं म्हणाले. "भित्ताडाचाच बघा की. थोरल्याच्या लग्नात दिलेला हाय."

सरांना आता दम निघेना. मातीत मुरलेली जुनी वस्तू जिभेला चिकटते, म्हणून जुन्या सवयीनं त्यांनी शंखाला जीभ लावून पाहिली. सारजाबाईंच्या डोळ्यांपुढे पाणवठ्यावरच्या म्हशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सरांनी लगेच फोन लावला.

"हां, मीच! निरगुडसरहून बोलतोय. तू म्हणत होतास ना तिथं काही नाही म्हणून? अरे, रंगासकट शंख मिळालेत! माझ्या विद्यार्थिनीला! वृषाली नाव तिचं, लिहून ठेव. जगभर गाजणार आहे पोरगी!"

सारजाबाईंना आधी हायसं वाटलं. काम बंद होणार नव्हतं. पण 'वृषाली नाव तिचं' हे ऐकलं आणि त्यांनी तोंडातला पदराचा बोळा काढला. राख चोळली आपण आणि उद्या खोटेपणाचा डाग लागणार त्या लेकराला. जगभर म्हणजे बाजाराच्या मंचरपर्यंत तर नक्कीच. त्या हात जोडून पुढं झाल्या.

"सायेब, मला जरा बोलायचंय."

सरांनी फोन न सोडता बोट वर करून त्यांना थांबवलं. त्याच क्षणी वृषाली अंगणात आली. तिनं सरांकडे पाहिलं, सुपात पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगदी आत्ता नदीतून काढलाय असं वाटतं!" सर फोनवर सांगत होते. "अगदी जिवंत..."

त्यांच्या तळहातावरच्या शंखानं झाकण उघडलं. आतून दोन शिंगं बाहेर आली, इकडंतिकडं वळली आणि मालक बिऱ्हाड पाठीवर घेऊन मनगटाकडे चालू लागला.

"...मी नंतर बोलतो," सर म्हणाले.

मग सारजाबाईंनी सगळं सांगितलं. कोंबड्या, उखळ, राख, काही म्हणून मागं ठेवलं नाही. बोलता बोलता त्यांचा बांध फुटला.

"सगळे कुटले, आजी?" वृषालीनं पायरीवर बसत विचारलं.

"समदं गं माय. मला वाटलं, तू माझ्या कोंबड्यांसाठी आनलंस."

वृषालीनं रिकाम्या उखळाकडे पाहिलं. मग तिनं सारजाबाईंचा हात हातात घेतला. "रडू नका. दरड जागेवर आहे. त्या थरात आणखी सापडतील. फक्त..." तिनं सरांकडे पाहिलं. "फक्त वेळ लागेल."

सर मनगटावरचा पाहुणा सोडवत होते. "हा आणला कुठून तुम्ही?"

"म्हशी बसत्यात तिथनं," भिमाजींनी खरं ते सांगितलं.

सरांनी तांब्याभर पाण्यानं चुळा भरल्या. मग आणखी एक तांब्या मागून घेतला. तोंड पुसून ते सारजाबाईंच्या जवळ येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, फोनवर होता तो माणूस मला तीस वर्षं पाण्यात पाहतोय. आपली पाहण्यात चूक झाली, एवढं मी त्याला कळवीन. पण जीभ लावली, मग तो चालायला लागला, हे जर त्याला कळलं..."

"मंग?"

"कोंबड्यांची गोष्ट मी कुठं बोलणार नाही. वृषालीला आणखी एक हिवाळा देतो. तुम्ही फक्त आजचं विसरून जा."

सारजाबाईंनी पदरानं डोळे कोरडे केले आणि सरांकडे नीट निरखून पाहिलं.

"मला म्हातारीला मेलं दिसतंय कुठं, सायेब, ध्यानात ऱ्हायाला? कोन चाललं, कुनी चाटलं, मला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "येक हिवाळा म्हनलात का दोन?"

सरांनी एकदा वृषालीकडे आणि एकदा जमिनीवरून सावकाश निघालेल्या शंखाकडे पाहिलं.

"दोन," ते म्हणाले.